टिंबांची रेघ

आमच्या हिने डिंकाचे लाडू वळायला घेतले आणि मला स्वयंपाकघरातून हाकलून दिलं, म्हणून मी व्हर्जिनियातली अडीचशे वर्षांपूर्वीची मृत्युपत्रं वाचायला गेलो. एरवी हा प्रवास माझ्या हातून झाला नसता. २००६ सालचा ऑक्टोबर होता. आमची एकुलती एक मुलगी मंजिरी, तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं साताऱ्याहून अमेरिकेत हर्नडनला येऊन तीन आठवडे झाले होते. हिला कामाला कमी नव्हती आणि मला काम नव्हतं. समोरचं मेपलचं झाड काल किती लाल होतं आणि आज किती झालं, हे मी सकाळ-संध्याकाळ तपासत असे. शेवटी व्याह्यांचा फोन आला.

व्याही म्हणजे वॉल्टर हॅडली, वय बहात्तर. उभा जन्म खेड्यापाड्यांतून टपाल वाटण्यात गेलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी आमच्या विहीणबाई रूथ गेल्या, तेव्हापासून हर्नडनहून तासाभराच्या अंतरावर एकटेच राहतात. आमचा जावई डेव्हिड हा त्यांचा दत्तक मुलगा, तीन महिन्यांचा असताना घरी आणलेला. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी हे फोनवर मोकळेपणाने सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, "माझे आजोबाही दत्तकच आले होते. त्यात सांगायचं काय एवढं?"

वॉल्टरना नाद एकच, वंशावळीचा. त्यांच्या दिवाणखान्यात एक भलाथोरला कागद टांगलेला आहे. सर्वांत वर जोसाया हॅडली, इंग्रजांच्या अमदानीत गलबतातून व्हर्जिनियात उतरलेला सुतार. त्याच्याखाली टॉमस हॅडली. पण या दोघांमध्ये पेन्सिलीची फिकट रेघ होती, कारण टॉमस हा जोसायाचाच मुलगा याला कागदोपत्री पुरावा मिळत नव्हता. टॉमसपासून खाली वॉल्टरपर्यंत शाईच्या ठसठशीत रेघा. आणि वॉल्टर-रूथपासून डेव्हिडपर्यंत टिंबांची रेघ. दत्तक मूल असंच दाखवायचं, असा म्हणे या शास्त्राचा नियम. डेव्हिडशेजारी मंजिरीचं नाव आणि दोघांच्या खाली एक मोकळा चौकोन, येणाऱ्या बाळासाठी.

पहिल्याच भेटीत मी तो कागद पाहिला आणि डोक्यात तिडीक गेली. माझी मुलगी आणि जन्माला यायचं नातवंड त्या टिंबांना लोंबकळत होतं. पण मुलीचा बाप व्याह्यांच्या घरी 'चहा छान झालाय' यापलीकडे बोलत नाही. मी म्हणालो, "चहा छान झालाय."

मी साताऱ्याकडच्या एका तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात (जुनी दप्तरं सांभाळायची खोली) चौतीस वर्षं काढली, हे वॉल्टरना ठाऊक होतं. फोनवर म्हणाले, "वसंत, जोसायाचं मृत्युपत्र ज्या गावी आहे तिथे दोन दिवस जाऊ. जुने कागद वाचणारा माणूस मला हवाय. बाळ यायच्या आत ती पेन्सिलीची रेघ पक्की करायचीय."

निघताना मंजिरी पोटावर हात ठेवून दारात उभी होती. "बाबा, सीटबेल्ट लावा आणि त्यांना दर मिनिटाला थँक यू म्हणू नका, ओके? ऑकवर्ड होतं यार." तिच्या आईने थालीपिठांचा स्टीलचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. वॉल्टरच्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर गुंडाळलेली वंशावळ होती, आणि तिलाही त्यांनी पट्टा लावला होता.

हर्नडनच्या काचेच्या इमारती मागे पडल्या आणि तासा-दीड तासात मुलूखच बदलला. कापून झालेल्या मक्याची शेतं, पिवळं पडत चाललेलं सोयाबीन, मध्येच एखादं लाकडी चर्च. जमीन सपाट होत गेली आणि नद्या रुंद होत गेल्या. रॅपॅहॅनॉक नदीच्या पुलावर वॉल्टरनी गाडी मुद्दाम सावकाश घेतली. इथवर समुद्राचं भरतीचं पाणी आत येतं, जोसायाचं गलबत याच पाण्यातून आलं असणार, असं म्हणाले. टपालवाल्याच्या सवयीने ते रस्त्याकडेच्या पत्रपेट्यांवरची नावं वाचत गाडी चालवतात, त्यामुळे माझा एक पाय सारखा ब्रेक दाबत होता.

दुपारी एका छोट्या हॉटेलात जेवायला थांबलो. मी शाकाहारी आहे हे वॉल्टरनी वाढणाऱ्या बाईंना तीनदा बजावलं. त्यांनी प्रेमाने फरसबीची भाजी आणि ग्रिट्स (मक्याच्या रव्याची पांढरी पेज) आणून ठेवली. भाजी चवीला झकास होती. दुसऱ्या घासाला त्यातले गुलाबी तुकडे कसले म्हणून विचारलं, तर डुकराचं मांस. "ते फक्त चवीपुरतं असतं हो," बाई म्हणाल्या. वॉल्टर इतके ओशाळले की शेवटी मीच त्यांची समजूत काढत बसलो. पेज मात्र मी चाटूनपुसून खाल्ली.

तिथलं कोर्टहाऊस (न्यायालय आणि कचेरी एकाच आवारात) लाल विटांचं, पुढे चार पांढरे खांब. दारात तपासणीची चौकट होती. मी आत शिरलो आणि ती कोकलायला लागली. खिशातून निघाला माझा अडकित्ता. पहारेकऱ्याने तो उघडून-मिटून पाहिला. "हे काय कापायचं हत्यार?" सुपारी म्हणजे काय हे मला इंग्रजीत सांगता येईना. कठीण फळ, जेवणानंतर, पचनासाठी, असं जे सुचेल ते बोलत गेलो आणि प्रकरण जास्तच संशयास्पद होत गेलं. मग वॉल्टर पुढे झाले आणि म्हणाले, "हे आमच्या घरातले आहेत." पहारेकऱ्याने अडकित्ता टेबलाच्या खणात ठेवला आणि जाताना परत न्यायला सांगितलं. व्याह्याला त्यांच्या भाषेत शब्द नाही. एरवी ते माझी ओळख 'डेव्हिडच्या बायकोचे वडील' अशी लांबलचक करून देत, त्या दिवशी मात्र ती एका वाक्यात आटोपली.

दप्तरखान्यात शिरलो आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तोच वास, जुन्या कागदाचा, चामड्याचा आणि थोडासा उंदरांचा. दप्तरदार बाईंनी मृत्युपत्रांची जाडजूड वही आणून दिली. अक्षर लांबट, एकात एक गुंतलेलं. पण मी मोडीत मुरलेला माणूस आहे. पहिलं पान जड गेलं, तिसऱ्या पानापासून लेखकाचा हात ओळखीचा झाला. वॉल्टर शेजारी बसून माझ्या बोटाकडे पाहत होते.

जोसायाचं मृत्युपत्र सापडलं. बायकोला राहतं घर, तिच्या हयातीपुरतं. मुलींना भांडी आणि मेंढ्या. जमीन दोन पुतण्यांना. मग गाईगुरांच्या यादीतच चार माणसांची नावं आली. गुलाम. कुणी कुणाला द्यायचा ते लिहिलेलं, जशी किटली कुणाला आणि खोगीर कुणाला ते लिहिलेलं. आडनाव एकालाही नाही. वॉल्टर म्हणाले, "यांच्या नातवंडांनी कुठल्या वहीत शोधायचं?" मी ती चार नावं माझ्या डायरीत उतरून घेतली. का, ते सांगता येणार नाही, पण तशीच पुढे जायला बोट तयार होईना.

त्याच्या पुढचं वाक्य हे: 'टॉमस, ज्याला मी तान्हेपणापासून माझ्या घरी वाढवलं आणि जो माझ्या नावाने ओळखला जातो, त्याला माझी सुतारकामाची सर्व हत्यारं, एक पलंग अंथरुणासह आणि एक दुभती गाय.'

मी मोठ्याने वाचलं आणि टेबलावर थाप मारली. "दत्तक! वॉल्टर, हा दत्तक मुलगा. सख्खा मुलगा नव्हता, म्हणून तान्हं मूल घेतलं, आपलं नाव दिलं, आपला धंदा दिला. आणि दत्तक म्हणजे मुलगाच. घ्या, झाली तुमची नोंद!"

आता खरं सांगतो. जमीन पुतण्यांना गेली होती. आमच्याकडे दत्तकाला डावलून पुतण्यांना जमीन दिली असती तर गावात डोकी फुटली असती. पाणी कुठे मुरतंय हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी व्याह्यांचा चेहरा पाहिला. ते डोळे पुसत होते. आणि पोटातली गोष्ट सांगायची तर, त्या कागदावर सर्वांत वरच एक दत्तक सापडला याचा मला कोण आनंद झाला होता.

त्यांनी वंशावळ टेबलावर पसरली. "माझा हात थरथरतो. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही लिहा." मी माझं शाईचं पेन काढलं, पेन्सिलीच्या रेघेवर ठसठशीत काळी रेघ ओढली आणि बाजूला इंग्रजीत लिहिलं, 'टॉमस, जोसायाचा मुलगा.' दुसरा कागद ताडून पाहिल्याशिवाय शाईला हात लावायचा नाही, हे मी नव्या कारकुनांना जन्मभर शिकवत आलो. आणि परदेशात, परक्याच्या वीस वर्षांच्या कष्टावर, मीच शाई लावून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉल्टर मला चर्चच्या आवारात जोसायाच्या थडग्यावर घेऊन गेले. दगड तिरका झालेला, अक्षरं अर्धी झिजलेली. ते दर वर्षी इथे येऊन शेवंतीसारखी पिवळी फुलं ठेवतात. त्या दिवशी फुलं ठेवून बराच वेळ दगडाला हात लावून उभे राहिले. मीही चप्पल काढून नमस्कार केला.

तिथून आम्ही गावच्या इतिहास मंडळात गेलो. सगळा कारभार मिसेस डोर्सी नावाच्या ऐंशीच्या पुढच्या बाईंकडे. गावच्या जुन्या घराण्यांची माहिती त्यांना तोंडपाठ. टिंबांचा नियमही वॉल्टरना पूर्वी त्यांनीच सांगितला होता. माझी नवी रेघ त्यांनी चष्मा वर करून पाहिली, आत गेल्या आणि चर्चच्या पंचांची वही घेऊन आल्या. त्या काळी अनाथ पोरांची व्यवस्था चर्चचे पंच लावत.

"दत्तकाचा कायदाच नव्हता हो तेव्हा इथे," त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. "ही पाहा नोंद. टॉमस, ऍन नावाच्या मोलकरणीचं मूल. आई वारलेली, वडिलांचं नाव नाही. एकवीस वर्षांचा होईपर्यंत जोसाया हॅडलीकडे कामाला बांधून दिला. हे रक्ताचं नातं नव्हे, वॉल्टर. माफ करा, पण इथे टिंबं द्यायला हवीत."

वॉल्टरनी नोंद वाचली. पुन्हा वाचली. मग बाईंचे आभार मानले, कागद गुंडाळला आणि बाहेर पडले. मी मागोमाग. मंजिरीने थँक यू सारखं म्हणू नका म्हटलं होतं. सॉरी किती वेळा म्हणायचं ते सांगितलं नव्हतं.

नदीकाठी एका बाकावर आम्ही डबा उघडला. थालीपीठ आणि लसणाची चटणी.

"म्हणजे मी हॅडली नाहीच," वॉल्टर म्हणाले. "परक्याच्या दगडावर फुलं वाहिली इतकी वर्षं."

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "शाई मी लावली. आमच्या कचेरीत चुकीची नोंद खरवडत नाहीत. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. बाजूला दुरुस्ती, कारण, तारीख आणि सही. आणि एका साक्षीदाराची सही. तुम्ही म्हणाल तर आत्ता करून देतो."

ते म्हणाले, "तुमचे आजोबा दत्तक होते म्हणालात. तुमच्या वंशावळीत त्यांची रेघ कशी आहे?"

"कशी म्हणजे? रेघ आहे. सगळ्यांसारखी."

"टिंबं नाहीत?"

"आमच्याकडे टिंबं कुणाला माहीतच नाहीत."

वॉल्टरनी थालीपिठाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "मी डेव्हिडची रेघ टिंबांची आखली त्या दिवशी रूथ उठून आत गेली. आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मी म्हणालो, नियम आहे. ती म्हणाली, त्याला ताप आला तेव्हा रात्रभर कोण जागलं, नियम?"

मी मुलीचा बाप. गप्प बसायला हवं होतं. पण विहीणबाई बोलून गेल्या होत्या, त्यांच्या मागे उभं राहणं भाग होतं. "वॉल्टर," मी म्हणालो, "ती टिंबं मलाही पहिल्या दिवसापासून सलताहेत. माझं नातवंड त्यांच्याखाली लिहिलं जाणार आहे. मला ते आवडलेलं नाही."

त्यांनी डब्याचं झाकण नीट लावून माझ्या हातात दिलं आणि गाडीकडे चालू लागले. हर्नडनपर्यंत आम्ही अवाक्षर बोललो नाही. पत्रपेट्यांवरची नावंही त्यांनी वाचली नाहीत. निम्म्या वाटेत मला आठवलं की अडकित्ता कोर्टहाऊसातच राहिला, पण गाडी वळवा म्हणायची माझी छाती झाली नाही.

घरी हिने सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "काय गरज होती? मुलीचे बाप आहात, एवढं तरी लक्षात ठेवायचं! उद्या तिला नाही कुणी बोलून दाखवलं म्हणजे मिळवली." मंजिरी मात्र सोफ्यावर अवघडून उठून बसली. "बाबा, तुम्ही खरंच बोललात? ओह गॉड. मी तीन वर्षं ट्राय करतेय यार." डेव्हिड भांडी पुसत होता. तो इंग्रजीत एवढंच म्हणाला, "मी नऊ वर्षांचा असल्यापासून त्या टिंबांसमोरून जातोय. डॅडना मी कधी विचारलं नाही." आणि पुढची बशी पुसायला घेतली.

दहा दिवसांनी नात झाली. वॉल्टर हॉस्पिटलात आले, तिला मांडीवर घेऊन तासभर बसले, माझ्याशी हवापाण्याचं बोलले आणि गेले. मला वाटलं, संपलं. हे आता असंच राहणार.

बाराव्या दिवशी बारसं होतं. हर्नडनमधली चार-पाच मराठी कुटुंबं आली होती, पाळणा भाड्याचा होता, आणि पाळण्याचं गाणं कुणालाच पूर्ण येत नव्हतं. नाव ठेवलं मीरा. घुगऱ्या वाटून झाल्यावर वॉल्टर आले, काखेत ती गुंडाळी. त्यांनी जेवणाचं टेबल मोकळं करून घेतलं आणि कागद पसरला.

माझी काळी रेघ होती तशीच होती. तिच्याशेजारी त्यांनी लिहिलं होतं, 'ऍनचा मुलगा. जोसायाने वाढवलेला.' रेघेला हात लावलेला नव्हता. मग मी खाली पाहिलं. वॉल्टर-रूथपासून डेव्हिडपर्यंत निळ्या शाईची एक रेघ गेली होती. हात थरथरत असल्यामुळे वाकडीतिकडी, पण सलग. टिंबं खरवडलेली नव्हती, तिच्या आत नीट दिसत होती. बाजूला 'दुरुस्ती' असा शब्द, आणि कारण म्हणून एकच वाक्य: 'रूथचं बरोबर होतं.' तारीख. सही. आणि त्याखाली एक मोकळी ओळ.

"साक्षीदार लागतो म्हणाला होतात," वॉल्टर म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. पेनाबरोबर रुमालात गुंडाळलेला माझा अडकित्ताही टेबलावर ठेवला. तो आणायला ते एकटे तितक्या लांब जाऊन आले होते.

मी देवनागरीत सही केली. मला नीट दिसत नव्हतं, तरी केली. डेव्हिड माझ्या मागे उभा होता. त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. मग चौकोनात मीराचं नाव घालायचा मान वॉल्टरनी आमच्या हिला दिला. तिने ते मराठीत लिहिलं आणि वर हळदीचं बोट लावलं, ते काही कुठल्या नियमात बसत नसावं.

मार्चमध्ये आम्ही साताऱ्याला परतलो. सामान लावून झालं आणि मी आमची वंशावळ काढली. जुन्या मोडी कागदावरून मीच तरुणपणी नक्कल केलेली, मोत्यासारख्या अक्षरात. नऊ पिढ्या. आजोबांची रेघ पाहिली, अगदी सरळ, ठसठशीत. अभिमान वाटला. मग नजर खाली आली. आजोबा, वडील, मी. माझ्या नावाखाली कोरा कागद.

मंजिरी नव्हती. आजीही नव्हती, आई नव्हती, आमची ही नव्हती. नऊ पिढ्यांत एकही बाई नव्हती. मंजिरीच्या जन्मानंतर कितीदा तरी हा कागद मी हाताळला असेन, झटकून परत ठेवला असेन, आणि मला काही कमी आहे असं एकदाही वाटलं नव्हतं. व्हर्जिनियात मी टिंबांवरून रुसून बसलो होतो. माझ्या घरात माझ्या मुलीला तेवढीही मिळाली नव्हती, आणि अक्षर माझंच होतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

मी ओट्याशी उभ्या असलेल्या हिला बोलावलं, आईच्या आणि आजीच्या माहेरच्या नावांची खात्री करून घेतली आणि मग पेन उघडलं. आजोबांशेजारी आजी, वडिलांशेजारी आई, माझ्याशेजारी ही. आमच्या दोघांखाली मंजिरी, तिच्याशेजारी डेव्हिड आणि खाली मीरा. सगळ्या रेघा सलग. आजीच्या वरच्या बायकांची नावं सांगणारं कुणी उरलेलं नाही. त्यांच्यासाठी जागा सोडली. बाजूला 'दुरुस्ती' लिहिलं. कारणाच्या जागी लिहिलं, 'चूक माझी.' तारीख घातली, सही केली.

साक्षीदाराची ओळ मोकळी ठेवली आहे. व्याही डिसेंबरात येणार आहेत.